पाइपलाइनच्या वाटेवरचा उन्हाळा

होळी झाली की सायकलवाले यायला लागतात. पावसाळ्यात त्या वाटेवर पोटरीइतका चिखल असतो आणि दिवाळीपर्यंत दोन्ही बाजूंचं गवत अंगावर येतं. होळीनंतर सगळं वाळून खाली बसतं आणि मधली खडी उघडी पडते. मग रविवारी उजाडता उजाडता आमच्या मागच्या दारावरून दहा-बारा सायकली जातात. डोक्याला टोप, डोळ्यांना काळे चष्मे, बुडाला गादी शिवलेल्या चड्ड्या. टायर जाड, रबराला दात. एकदा त्यांतला एक जण पाण्यासाठी थांबला, तेव्हा मी विचारलं, "ही कसली सायकल?"

"आजी, ही खास खडीवरची आहे. ग्रॅव्हल बाइक."

"खडीवर चालवायला वेगळी सायकल लागते?"

"लागते ना. साधी स्लिप होते."

"आमच्या ह्यांनी तीस वर्षं ह्याच खडीवर साधी काळी सायकल चालवली."

"मग आजोबा भारी होते," तो म्हणाला. बाटली भरून घेतली आणि गेला. त्याला लांब जायचं होतं.

मांजर्लीत आमचं घर शेवटच्या रांगेत आहे. पुढे इमारती, मागे ही वाट. शहराकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपाच्या कडेनं ती जाते. पाइप टाकताना ट्रक फिरायला खडी पसरली होती, ती तशीच राहिली. आधी शेतांचे बांध, मग सागाचं रान, मध्ये एक ठाकरवाडी, एक चढ, आणि चिखलोलीच्या मागच्या अंगानं अंबरनाथ एमआयडीसी. दोन ठिकाणी ओढ्यावरच्या मोऱ्या वाहून गेल्यात, त्यामुळे चारचाकी नाही, रिक्षा नाही. सायकलसुद्धा तिथे उचलून न्यावी लागते. सायकलवाल्यांना हेच आवडतं. "एक गाडी नाही, आजी. काय शांत आहे!" असं ते मलाच सांगतात. मी मान हलवते. ती वाट ह्याहून शांत असताना मी पाहिली आहे. त्या वेळी हमरस्त्यावरही गाडी नव्हती, रूळही रिकामे होते, आणि मी नवऱ्याला सायकलवर लादून त्या वाटेनं नेत होते.

नवऱ्याला मी कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून इथेही 'हे'च म्हणते. हे एमआयडीसीत फिटर होते. तिन्ही पाळ्यांना सायकलनं जायचे. गाडीचा पास कशाला, रान फुकट आहे, असं म्हणायचे. खडी कशी चालवायची हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल, मला कधी सायकलवर बसताही आलं नाही तरी. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. चाकाकडे बघायचं नाही, वीस हात लांब बघायचं, सायकल तिथे आपोआप जाते. टायरात हवा जरा कमी ठेवायची. हँडल घट्ट धरायचं नाही, ते हललं तर हलू द्यायचं. माणसाचंही तसंच असतं, असंही एकदा म्हणाले होते. त्यांना असली वाक्यं सुचायची. मला कामं सुचायची.

साखरेनं मूत्रपिंडं गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबरनाथला एका दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जायचं, चार तास. रिक्षानं जायचो, रिक्षानं यायचो. दीड वर्ष असं चाललं होतं. मग तो रोग आला आणि सगळं बंद झालं. पहिल्या मंगळवारी रुग्णवाहिका आली. शुक्रवारी म्हणाले, गाडी दुसऱ्या कामावर लावलीय. शेजारचा रिक्षावाला दाराआडून हात जोडून म्हणाला, "मावशी, माझ्या घरात तान्हं आहे, दवाखान्याच्या दारात नका नेऊ मला." त्याचं काही चुकलं नाही. आमच्याकडे दवाखान्याचा कागद होता, त्यावर शिक्का होता, पोलीस तो बघून सोडायचे. पण कागदाला चाकं नसतात.

लेक सुरतेत अडकलेली. फोनवर रडायची. मी म्हटलं, रडून काय होणार, फोन ठेव, मला काम आहे.

तांदळाची गोणी सायकलवरून कशी न्यायची हे मला येत होतं. माहेरी भात गिरणीत न्यायचं ते असंच. सायकलवर बसायचं नाही, चालवायची. गोणी कॅरिअरवर आडवी बांधायची, सायकल जराशी आपल्या अंगावर कलती ठेवायची, सीट कमरेला टेकवायची, डावा हात हँडलवर, उजवा गोणीवर. भार चाकावर पडतो, आपण फक्त तोल राखायचा. ह्यांचं वजन तेव्हा एका गोणीइतकंच उरलं होतं. कॅरिअरवर गोधडीची घडी घातली, पाय टेकवायला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फळीचे तुकडे बांधले, आणि त्यांच्या कमरेभोवती माझं जुनं लुगडं गुंडाळून ते सीटला आवळलं.

"मी काय गोणी आहे काय गं?"

"गोणी बोलत नाही. गप बसा."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "हँडल घट्ट धरू नको."

"तुम्ही उतरता का? उतरा आणि चालवून दाखवा."

मग शेताच्या शेवटापर्यंत बोलले नाहीत.

त्या चैत्रात रान जसं होतं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. एमआयडीसी बंद, त्यामुळे अंबरनाथच्या हवेला वास नव्हता. लग्न होऊन आले तेव्हापासून तो वास नाकात होता. तो नाहीसा झाल्यावर कळलं, किती होता ते. नाल्याचं पाणी नुसतं पाण्यासारखं दिसत होतं. कुड्याला पांढरी फुलं आली होती, करवंदीच्या जाळ्या घमघमत होत्या, डोंगर हात लावावा इतका जवळ आलेला. सागाची पानं पापडासारखी वाळून वाटेवर पडलेली, चाकाखाली मोडायची. तांबट पक्षी दिवसभर टुक टुक करायचा. हे म्हणायचे, "कोणीतरी पत्रा ठोकतंय." कारखान्याचा भोंगा वाजत नाही ह्यानं ते कावरेबावरे व्हायचे. वेळ कशी कळणार, म्हणायचे. मी म्हणायचे, तुम्हाला कुठे पाळी गाठायचीय?

लोक आता त्या दिवसांबद्दल बोलताना म्हणतात, हवा किती स्वच्छ होती, मोर रस्त्यावर आले होते. होती, आले होते. मला ते सगळं घामातून दिसत होतं. सैल खडीवर मागचं चाक गटकन खाली जायचं आणि ह्यांचं सगळं वजन माझ्या मांडीवर यायचं. दोन्ही मोऱ्यांपाशी ह्यांना उतरवायचं, दगडावर बसवायचं, सायकल उचलून पलीकडे ठेवायची, मग ह्यांना हाताला धरून आणायचं. सुंदर होतं असं म्हणायला मी तयार आहे. पण त्या सुंदरपणाचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

सगळ्यात वाईट तहान होती. माझी नाही, ह्यांची.

मूत्रपिंड गेलेल्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं. आत गेलेलं बाहेर पडायला वाट नसते, ते अंगात साठतं, पायावर उतरतं, मग छातीत चढतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं अर्ध्या लिटरची बाटली दाखवून सांगितलं होतं, "दिवसाला एवढंच. चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचं पाणी, सगळं ह्यातच." मी चौथी शिकलेली, पण माप मला कळतं. सकाळी बाटली भरायची, चहा केला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. घरातला माठ मी वरच्या फळीवर ठेवला, तिथे ह्यांचा हात पोचत नव्हता. ओठ सुकले की ओलं फडकं लावायचं. दवाखान्याबाहेरच्या शिरीषाखाली उल्हासनगरची एक सिंधी बाई बसायची, तिची सासू आत मशीनवर. ती म्हणाली, "अम्मा, मुँह में लौंग रखवाओ, प्यास मर जाती है." मी लवंगाही दिल्या. हे चावून थुंकायचे. म्हणायचे, "लवंगेनं तहान मरते होय? मग विहिरीत लवंगाच टाका."

आणि ती वाट कशाच्या कडेनं जाते? पाइपाच्या. माणूस उभा राहील एवढा मोठा पाइप, आत पाणी धावतंय, कान लावला तर घुमतंय. एरवी गाड्यांच्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात सगळ्या वाटेवर ते एकच ऐकू यायचं. सांध्यांवर पाइप ठिबकायचा, तिथे शेवाळ, तिथे साळुंक्या अंग धुवायच्या. हे मान वळवून बघत राहायचे. सायकल पुढे गेली तरी मान मागे. एका ठिकाणी म्हणाले, "अहाहा, एक ओंजळ गं."

"नाही."

"पाखरांना देतात, मला नाही."

"पाखरं मुततात," मी म्हटलं. ह्यावर ते खूप हसले, हसताना खोकला आला, आणि मी सायकल धरून उभी राहिले.

आमच्याकडे पाण्याला नाही म्हणत नाहीत. दारात वैरी आला तरी आधी तांब्या द्यायचा. मी दिवसातून दहा वेळा नाही म्हणत होते, आणि ज्याला म्हणत होते त्यानं चाळीस वर्षं मला कशाला नाही म्हटलं नव्हतं. पण मला तो माणूस पुढच्या मशीनपर्यंत जिवंत न्यायचा होता. मंगळवार ते शुक्रवार, शुक्रवार ते मंगळवार. एवढंच काम होतं. ते मी मापानं करत होते.

ठाकरवाडीच्या पुढे लगेच चढ आहे. आताचे सायकलवाले तिथे उठून उभे राहतात, पायडलवर सगळं अंग टाकतात, आणि वर पोचले की ओरडतात. मला ह्यांना बसवून तो चढता येत नव्हता. खडी सुटी, चाक मागे यायचं. म्हणून वाडीतल्या पहिल्या घराच्या अंगणात चिंचेखाली ह्यांना बसवायचं, रिकामी सायकल वर चढवून दगडाला टेकवायची, खाली यायचं, आणि ह्यांना बगलेत धरून पावलापावलानं वर न्यायचं. परत येतानाही तेच, उलटं. सायकल खाली, मग हे, मग त्याच अंगणात दम खायचा, आणि मी तेवढ्यात घसरलेली गोधडी, सुटलेली दोरी बांधायची.

त्या घरात चांगुणा राहते. तेव्हा पन्नाशीची असेल, एकटीच. तिचा नवरा उन्हाळ्यात दगडाच्या खाणीवर काम करताना पडला आणि तिथेच गेला. तोंडात पाणी घालायला जवळ कोणी नव्हतं, हे तिला मागून कळलं. तेव्हापासून चैत्र लागला की मृग निघेपर्यंत तिच्या दारात पाण्याचा हंडा आणि करवंटीला दांडा लावून केलेली डोई असते. येणाऱ्याजाणाऱ्यानं प्यावं. पहिल्याच दिवशी तिनं डोई भरून ह्यांच्यापुढे धरली आणि मी तिचा हात धरला.

"त्यांना पाणी द्यायचं नाही."

"का वो बाय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"पानी नको म्हनतो असला कंचा डाक्टर?"

"आहे तसला. देऊ नको."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी नवऱ्याला मारायला रानात आणलंय. मी समजावून सांगितलं नाही. मला चढ चढायचा होता, आणि मशीनची वेळ निघून गेली की दुसऱ्या कोणाला देत. तिथे दोन वाक्यं जास्त बोलले असते तर काय झालं असतं, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. पण तेव्हा बोलले नाही, हे खरं आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून दवाखान्यात वजन जास्त भरायला लागलं. मशीनवर घ्यायच्या आधी काट्यावर उभं करतात, किती पाणी साठलंय ते बघायला. सिस्टर माझ्यावर उखडली. "आजी, पाणी किती देता?"

"बाटलीभर."

"बाटलीभरात एवढं वजन वाढत नाही."

"मग तुमचा काटा बघा. मी मोजून देते."

"सगळे असंच सांगतात."

मी कधी खोटं बोलले नाही, आणि ती बाई सगळ्यांसमोर मला खोटं पाडत होती. मी रागानं बाहेर येऊन शिरीषाखाली बसले. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "कुठे पाणी पिता तुम्ही? न्हाणीघरात?"

"कुठलं पाणी? तू देतेस तेवढंच."

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

त्यांनी बघितलं आणि सांगितलं. मी काट्याला दोष दिला. न्हाणीघराच्या नळाला मात्र फडकं बांधून ठेवलं, गाठ लक्षात ठेवून. गाठ जशीच्या तशी राहायची.

वैशाखातल्या एका शुक्रवारी आम्ही वाट तुडवून दवाखान्यात पोचलो तर दार बंद. आतल्या कोणाला तो रोग निघाला होता, औषध फवारत होते. सोमवारी या म्हणाले. दुसरीकडे कुठे मशीन आहे, मी विचारलं. कल्याणला आहे, पण नवीन माणसाला घेत नाहीत म्हणाले. मी सायकल वळवली. ऊन डोक्यावर. ह्यांचे पाय सुजून फळीवर मावत नव्हते. वाटेत हे फार चांगले बोलले. आपल्या लग्नात बैलगाडीचं चाक निखळलं होतं ती गोष्ट काढली. चढाशी मी सायकल खाली नेली, वर येऊन ह्यांना आणलं, चिंचेखाली बसवलं. दोरी तुटली होती, ती सांधायला मला वेळ लागला. हे मागे बसले होते. मी मागे बघितलं नाही.

रविवारी दुपारी ते गेले. पाणी छातीत भरलं होतं. बसून श्वास घेत होते, मग तोही येईना. पाच-सहा माणसांनी तोंडाला फडकी बांधून नेलं. लेकीनं फोनवर बघितलं.

दहाव्याच्या दिवशी मी एकटीच त्या वाटेनं गेले. करायला दुसरं काही नव्हतं. पाहुणे नाहीत, भटजी नाही. सायकल घेऊन गेले, सवयीनं, काठीसारखी. चांगुणानं मला एकटीला बघितलं आणि तिला कळलं. तिनं अंगणातच बसून मोठ्यानं हंबरडा फोडला. माझ्या घरी कोणी एवढं रडलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "एक बरं झालं बाय. माजा बिनपान्याचा गेला, पन तुजा नाय गेला. तू सायकल वर नेलीस की मी त्याला डोईनं पाजायची. येतानाबी. तो म्हनायचा, तिला सांगू नको, ती रडंल. पोटभर प्याला, बाय. शुकरवारी तर तीन डोया प्याला."

तिनं कोरा चहा दिला तो प्याले. आणि घरी आले.

मला राग आला होता, पण तिचा नाही. तिला ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं. सिस्टरनं मला एकदा सांगितलं होतं, ह्यांना दहा वेळा. मी सहा आठवडे त्यांना मापानं जगवत होते आणि ते माझी पाठ वळली की पीत होते, आणि माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणत होते. मरायचं होतं का त्यांना? मला तसं वाटत नाही. त्यांना फक्त पाणी हवं होतं. आणि ती रडेल, असं म्हणाले. मी रडत नाही हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी मला बरं वाटावं म्हणून खोटं धरून ठेवलं, आणि त्या खोट्यावर मी काट्याशी आणि सिस्टरशी भांडत बसले. खरं सांगितलं असतं तर मी चांगुणाच्या दारात एक डोई माझ्या हातानं दिली असती आणि बाटलीतून तेवढं ओतून टाकलं असतं. हिशेबात बसवलं असतं. एवढंच करायचं होतं.

चांगुणाला मात्र मी सांगितलं नाही. आधी वाटलं, पुढच्या मंगळवारी सांगू. मंगळवारी तिनं करवंदं काढून ठेवली होती. मग पुढच्या मंगळवारी. असं करत पाच-सहा वर्षं गेली. दर मंगळवारी मी सायकल ढकलत जाते, चिंचेखाली बसते, तिचा कोरा चहा पिते. ती वाडीतल्या भांडणांचं सांगते, मी इमारतीतल्या. इमारतीतल्या बायका भल्या आहेत, पण त्या मला 'आजी, जेवलात का' एवढंच विचारतात. चांगुणा म्हणते, "म्हातारे, आज तोंड का वाकडं?" मला बोलायला ते एकच माणूस आहे. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं.

ह्या वर्षी होळीनंतर सायकलवाले आले. हल्ली ते चांगुणाच्या दारात थांबतात. चढाच्या आधी एकमेकांची चेष्टा करतात, "काका, यंदा चढणार की ढकलणार?" असं चाललेलं असतं. पाणी त्यांच्या बाटल्यांत असतंच, तरी करवंटीनं पितात, फोटो काढतात. तिला ते आवडतं. एका रविवारी त्यांच्यात एक डॉक्टर बाई होती. चांगुणानं तिला कौतुकानं सांगितलं असणार, की मी अशा अशा आजाऱ्याला चोरून पाणी पाजलं होतं. ती बाई काही वाईट हेतूनं बोलली नसेल. ज्याला जे ठाऊक ते तो बोलतो.

मंगळवारी मी गेले तेव्हा चांगुणा मोहाची फुलं वाळत घालत होती. 'आलीस का' म्हणाली नाही. चहाही ठेवला नाही.

"एक इचारू?"

"विचार."

"खरं सांगशील?"

"मी खोटं कधी बोलले?"

"ती डाक्टरीन म्हनली, असल्या आजाराला पानी म्हंजी इख. तुज्या नवऱ्याचं माज्या पान्यानं झालं का?"

नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. त्या शब्दानं तिची झोप राहिली असती, माझा मंगळवार राहिला असता. कोणालाही विचारा, सगळे म्हणतील, म्हणायचं होतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि तसंच बघून एका माणसानं मला बरं वाटेल ते सांगितलं होतं. ते बरं वाटणं किती दिवस पुरलं हे मला ठाऊक आहे. तसलं काही मला दुसऱ्याला द्यायचं नव्हतं.

"झालं," मी म्हटलं. "एकट्या तुझ्या पाण्यानं नाही. त्यांनी मागितलं, तू दिलंस. मला वजन दिसत होतं, मी काट्याला दोष दिला. तुला का नाही पाजायचं ते मी समजावून सांगितलं नाही. शुक्रवारी दवाखाना बंद होता. ते सगळं मिळून झालं. पण पाण्यानंच झालं."

तिचा हात फुलांतच राहिला. मग म्हणाली, "मंग इतकी वर्सं माज्या हातचा चहा कशी प्यालीस?"

"प्याले," मी म्हटलं.

"मंग मी काय करायचं व्हतं? नाय म्हनायचं व्हतं त्याला?"

"मी म्हणत होते नाही. त्यानं तरी काय झालं?"

"जा तू," ती म्हणाली. "जा आता."

मी आले.

त्यानंतर तीन मंगळवार झाले. मी जाते. अंगणाच्या कडेला सायकल टेकवते आणि तिला नावानं हाक मारते. दार लोटलेलं असतं, आत भांडं वाजतं, म्हणजे ती घरात असते. थोडा वेळ उभी राहते आणि परत फिरते. येत्या मंगळवारीही जाणार आहे. तिनं बाहेर येऊन शिवी दिली तर ती ऐकून घ्यायची माझी तयारी आहे, पण तिनं बाहेर यावं.